आबाळ झालेला टॅरंटुला आणि तोंडावर आलेली कात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी होस्टेल सोडताना मागे ठेवून गेला, कुणी दुकानाच्या कोपऱ्यातल्या बरणीतून दया येऊन उचलून आणला, कुणाच्या भावाने हौसेने घेतला आणि परीक्षेच्या नादात विसरला. आबाळ झालेले टॅरंटुला, म्हणजे हौसेने पाळले जाणारे मोठे केसाळ कोळी, घरात येतात ते बहुधा असेच. लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, विचारणाऱ्याचे प्रश्न तेच असतात आणि घाईही तीच असते. खालची उत्तरं अशा अशक्त कोळ्यासाठी आहेत ज्याची कात, म्हणजे जुनं साल टाकण्याची वेळ, जवळ आलीय किंवा आली असावी अशी शंका आहे. या दिवसांत त्याला पाणी लागतं आणि एकांत लागतो. खाण्याचं नंतर पाहता येतं. महिनोन्‌महिने आबाळ सोसून जगलेला कोळी नव्या मालकाच्या पहिल्या आठवड्यातल्या धावपळीने दगावू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिलं आहे.

कोळी नुकताच घरी आलाय. पोट सुरकुतलंय, पाय आत ओढलेत. सगळ्यात आधी काय करू?

पाणी द्या. बाकी सगळं उद्या.

डब्यात उथळ, पसरट भांडं ठेवा. लोणच्याच्या बरणीचं स्वच्छ धुतलेलं झाकण चालतं. कोळी मोठा असेल तर कुंडीखाली ठेवतात ती छोटी प्लेट. भांडं काठोकाठ भरा आणि थोडं पाणी मुद्दाम बाजूच्या मातीवर सांडू द्या. आधीच्या भांड्यात स्पंज किंवा कापसाचा बोळा असेल तर तो काढून टाका. त्यात घाण साचते, जंतू वाढतात आणि कोळ्याला नीट पिताही येत नाही. ‘उघड्या पाण्यात बुडेल’ ही भीती सोडून द्या. धडधाकट टॅरंटुला पाण्यावर तरंगतो.

तो चालून भांड्यापर्यंत जाऊच शकत नसेल तर थोडी मदत करावी लागते. झाकणात अगदी पातळ थर, दोन-तीन मिलिमीटर पाणी घ्या. रंगकामाच्या मऊ ब्रशने हळूच ढकलत कोळ्याला पारदर्शक डबीत घ्या आणि झाकणाच्या काठावर असा टेकवा की पुढचा भाग, म्हणजे जबड्यांच्या मुळाशी असलेलं तोंड, पाण्याला लागेल आणि मागचं पोट कोरडं राहील. पोटाच्या खालच्या बाजूला त्याच्या श्वासाच्या चार फटी असतात. त्या पाण्याखाली गेल्या तर जीव वाचवायला निघालेले आपणच तो घालवू. एवढं झालं की डबा अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि तास-दीड तास तिकडे फिरकू नका. टॅरंटुला पिताना फारशी हालचाल दिसत नाही, त्यामुळे ‘पीत नाही’ असं ठरवून त्याला पुन्हा पुन्हा हलवू नका.

पाणी साधंच द्या. साखर, ग्लुकोज, मध, ओआरएस यातलं काहीही घालायचं नाही. बोअरचं पाणी फार क्षाराचं असेल तर प्यायचं फिल्टरचं पाणी वापरा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग द्या.

ओल्या टिश्यूने भरलेल्या बंद डब्यात कोळ्याला ‘आयसीयू’त ठेवण्याचा एक जुना सल्ला अजून फिरतो. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. बंद, दमट, कोंदट हवेत बुरशी वाढते आणि अशक्त कोळ्याला श्वास घेणं जड होतं. तोंडाला पाणी आणि अंगाला मोकळी हवा, एवढं पुरे.

पाय आखडले म्हणजे तो मरायला लागला असं धरायचं का?

नाही, पण वेळ कमी आहे असं नक्की धरा. कोळ्याला पाय आत ओढायला स्नायू असतात. पायाच्या मुख्य सांध्यांत तो बाहेर पसरवायला मात्र स्नायू नसतात. ट्रॅक्टरची ट्रॉली तेलाच्या दाबाने उचलली जाते, तसा कोळी अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय ताणतो. अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय आपोआप आत वळतात. म्हणूनच पाणी प्यायल्यावर रात्रीत पाय पसरलेला कोळी पाहायला मिळतो.

कातीचाही याच दाबाशी संबंध आहे. कात टाकताना तो पोटातला द्रव जोराने पुढच्या भागात ढकलतो, त्या दाबाने पाठीवरची कडक ढाल कडेने सुटून वर उचलली जाते आणि मग एकेक पाय जुन्या सालातून ओढून काढला जातो. त्याआधी जुन्या आणि नव्या सालाच्या मध्ये एक द्रव तयार होतो, तो जुनं साल आतून सैल करतो. या सगळ्याला पाणी लागतं. तहानलेला कोळी कात सुरू करू शकतो, पण अर्ध्यात अडकतो. म्हणून कातीची खरी तयारी त्याच्या आधीच्या दिवसांत, पाण्याच्या भांड्यापाशी होते.

हा कातीच्या बेतात आहे की नुसताच आजारी, हे ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दोन्हींत कोळी खाईना होतो, दोन्हींत सुस्त होतो.

आधी पोट पाहा. कातीवर आलेल्या कोळ्याचं पोट सहसा भरलेलं, ताणलेलं, कधी चकचकीत दिसतं. तहानलेल्याचं किंवा उपाशी कोळ्याचं पोट पुढच्या ढालीपेक्षा लहान, सुरकुतलेलं, कडेने आत बसलेलं असतं. कोळी अमेरिका खंडातल्या जातीचा असेल, उदाहरणार्थ चिलियन रोझ किंवा ब्रॅकीपेल्मा, तर पोटावरचे केस झडून टक्कल पडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. या टकलाचा रंग फार उपयोगाचा. फिकट गुलाबी किंवा बदामी टक्कल म्हणजे कात अजून लांब. तेच टक्कल गडद होत काळं पडलं तर खाली नवे केस तयार झालेत आणि कात जवळ आलीय. याला मार लागल्याचा काळा डाग समजून हळद लावल्याचं ऐकलं आहे. कृपा करून काही लावू नका. आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या जातींना हे झडणारे केस नसतात, त्यामुळे तिथे ही खूण शोधू नका.

बाकीच्या खुणा म्हणजे अंगाचा रंग मळकट होणं, बिळाचं तोंड मातीने किंवा जाळ्याने बंद करणं आणि जमिनीवर जाळ्याची दाट चादर विणणं. ही चादर दिसली की डबा हलवायचा नाही. कात तिच्यावरच टाकली जाते.

आबाळ झालेल्या कोळ्यात दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, आणि खरी काळजी तिथेच. सुकलेलं पोट आणि त्यावर काळं टक्कल असं दिसलं तर कात थांबवता येत नाही, ती येणारच आहे. तुमच्या हातात फक्त तोवर त्याला पोटभर पाणी मिळेल हे पाहणं आहे.

कोळी उताणा पडलाय. मेला का?

बहुतेक वेळा नाही. टॅरंटुला पाठीवर पडून कात टाकतो, काही जण कुशीवर. मरणारा कोळी शक्यतो उभ्यानेच पाय पोटाखाली गोळा करतो. उताणा दिसला तर हात लावू नका, सुलटा करू नका, फुंकर मारू नका, पाणी शिंपडू नका. घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण शाळेतून आलेलं पोर किंवा झाडलोट करायला आलेल्या मावशी मेला समजून टाकून देतात.

खाईना झालाय. आधीच हडकुळा, वरून उपास. बळेच भरवू का?

नको. कातीच्या आधी तोंडाची आणि सुळ्यांची जुनी सालंही सुटायला लागलेली असतात, त्या काळात तो खाऊ शकत नाही. मोठा टॅरंटुला महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. पाण्याविना तेवढं राहू शकत नाही.

कातीची कुठलीच खूण नसेल, पाणी पिऊन पोट थोडं सावरलं असेल आणि कोळी चालत-फिरत असेल, तर चार-पाच दिवसांनी एक लहान, मारलेला किडा संध्याकाळी समोर ठेवून पाहा. सकाळपर्यंत तसाच राहिला तर उचलून फेका आणि आठवडाभर विषय बंद. जिवंत किडा रात्रभर डब्यात सोडायचा नाही. कात टाकताना कोळी पूर्ण असहाय असतो आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडतो. आबाळ झालेल्या कोळ्यांच्या डब्यात असे विसरलेले रातकिडे मातीखाली लपलेले सापडतात, तेव्हा पहिल्याच दिवशी बॅटरीच्या उजेडात नीट शोधा.

रानातले नाकतोडे, घरातली झुरळं चालतील का? इथे दुसरं मिळत नाही.

घरातली झुरळं नकोच. शेजाऱ्याने कुठलं औषध मारलंय ते तुम्हाला कळणार नाही.

रानातल्या नाकतोड्यांचं उत्तरही माझ्याकडून नाही असंच आहे. आपल्याकडे कपाशी, सोयाबीन, तूर ही पिकं आणि त्यांवरच्या फवारण्या. फवारलेल्या पिकावरचा नाकतोडा स्वतः लगेच मरेलच असं नाही, पण अंगात औषध घेऊन येतो. कोळी अशा विषांना फार नाजूक असतो. औषध पोटात गेलेल्या कोळ्याचे पाय थरथरतात, झटके येतात, तो तोल जाऊन वेडावाकडा फिरतो. त्यावर इलाज नाही. बांधावरचा, पडीकातला नाकतोडा चांगला असेलही, पण तो कालपर्यंत कुठे होता हे त्याला विचारता येत नाही.

मग काय द्यावं? मोठ्या शहरांतल्या दुकानांतून मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) आणि पाळलेली झुरळं मागवता येतात. मीलवर्म कोंड्यात घरीच वाढवणं सोपं आहे. देण्याआधी त्याचं डोकं चेपा, नाहीतर तो मातीत शिरतो आणि तिथेच राहतो.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यात सहज मिळते, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. रेशमाच्या अळ्या. जालना, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत तुतीची लागवड चांगली आहे, जालन्याला रेशीम कोषांचा बाजार भरतो. रेशीम शेतकरी तुतीवर सहसा कीटकनाशक मारत नाही, कारण मारलं तर त्याच्याच अळ्या मरतात. अळी मऊ असते, तिच्यात पाणी भरपूर, आणि ती कोळ्याला चावत नाही. सुकलेल्या कोळ्यासाठी यापेक्षा चांगला पहिला घास मला माहीत नाही. फक्त संगोपनगृहात अळ्यांवर चुना आणि जंतुनाशक भुकटी मारतात, तेव्हा ती मारण्याआधीच्या चार-सहा अळ्या मागून घ्या. मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही. अळी कोळ्याच्या पोटाच्या निम्म्या आकाराची असली की बास.

डबा घाणेरडा आहे, माती चुकीची आहे. कातीच्या तोंडावर घर बदलावं का?

जाळ्याची चादर विणून झाली असेल किंवा टक्कल काळंभोर असेल तर बदलू नका. दिसणारी घाण चिमट्याने उचला, पाणी भरा आणि वाट पाहा.

कात लांब असेल तर मात्र बदला, कारण आबाळीतल्या डब्यांत काही गोष्टी हमखास चुकलेल्या असतात. माशांच्या टाकीतली खडी ओलावा धरत नाही आणि पाय अडकवते. टोकदार शोभेचे दगड पोटाला लागतात. जाळीच्या झाकणात नख्या अडकून पाय तुटतो. आणि उंची! जमिनीवर राहणारा टॅरंटुला काचेवर चढून पडला की त्याचं पोट फुटतं. मातीचा थर एवढा जाड ठेवा की माती आणि झाकण यांच्यात कोळ्याच्या पायापासून पायापर्यंतच्या लांबीच्या दीडपटीहून जास्त अंतर उरणार नाही.

माती म्हणून नर्सरीत मिळणारं कोकोपीट घ्या, विटेच्या आकारात येतं ते. भिजवून, घट्ट पिळून, उन्हात थोडं सुकवून वापरा. खत किंवा औषध मिसळलेलं मिश्रण नको. शेतातली काळी माती तर मुळीच नको. ओली झाली की चिखल होऊन पायांना चिकटते, वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. बीळ खोदता येत नाही, शिवाय तिच्यात कुठल्या हंगामाचं कुठलं औषध मुरलंय ते सांगता येत नाही.

लपायला जागा हवीच. नारळाची अर्धी करवंटी किंवा फुटक्या मडक्याचा मोठा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२-४३ वर जातो. कोळी तगेल का?

बहुतेक पाळीव जाती २२ ते ३० अंशांत सुखाने राहतात. पस्तिशीच्या वर काळजी सुरू होते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मधली पत्र्याची खोली दुपारी त्याच्याही बरीच पुढे जाते. अशा उन्हात निरोगी कोळीही सुकतो. आधीच सुकलेला आणि कातीवर आलेला कोळी दोन दुपारींत जाऊ शकतो. मराठवाड्यातल्या कोळ्यांसाठी माझ्या मते हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

डबा घरातल्या सगळ्यात आतल्या, गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. गावाकडे माळवदाचं घर असेल तर एप्रिल ते जून तो तिथेच राहू द्या. जाड भिंती आणि मातीचं छत यांचा गारवा सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही. शहरात फ्लॅट असेल तर पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला टाळा.

घमेल्यात चार बोटं वाळू घाला, ती भिजवा आणि डबा त्या वाळूवर ठेवा. घमेल्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, पण डब्याच्या हवेच्या भोकांवर येऊ देऊ नका. वाळू सकाळी आणि दुपारी भिजवली की वीज गेली तरी आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गार राहते. एसीच्या भरवशावर राहणं धोक्याचं, कारण वीज ऐन दुपारीही जाऊ शकते. कूलर असलेल्या खोलीत डबा ठेवायला हरकत नाही, फक्त झोत थेट अंगावर नको. कोरड्या उन्हाळ्यात सततचा वारा त्याला आणखी सुकवतो. फ्रीजचं गार पाणी किंवा बर्फ डब्यात घालू नका.

पाण्याचं भांडं रोज पाहा. मे महिन्यात उथळ भांडं एका दिवसात कोरडं पडतं. चार दिवस लग्नाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना तेवढंच काम सांगून जा.

ओलावा किती ठेवायचा? रोज फवारा मारू?

फवारा अंगावर मारायचा नाही, त्याने कोळी बिचकतो आणि फायदा काही नाही. मातीचा एक कोपरा भांड्यातून पाणी ओतून ओला ठेवा, बाकी माती कोरडी. कोळी आपल्याला हवी ती जागा निवडतो. चिलियन रोझसारख्या कोरड्या भागातल्या जातींना एवढं खूप झालं. थेराफोसासारख्या दमट जंगलातल्या मोठ्या जातींना मात्र खालचा थर कायम ओलसर लागतो. कोरड्यात त्यांची कात अडकते. झाडावर राहणाऱ्या अॅव्हिक्युलेरियाची गोष्ट उलटी. त्याला ओल बेताने आणि हवा भरपूर, कोंदट डब्यात तो टिकत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हवा एकदम बदलते. तेव्हा ओतणं कमी करा.

आणि थंडीत?

परभणीत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेला आहे. थंडीत कोळी मंदावतो, कात लांबते. त्याने लगेच मरत नाही. डबा खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत, उंचावरच्या फळीवर ठेवा. बल्ब लावून थेट ऊब देऊ नका, तो कोळ्याला सुकवतो.

घरात डासांची अगरबत्ती, लिक्विड, मुंग्यांचा खडू वापरतो. चालेल?

कोळी असलेल्या खोलीत यातलं काहीच चालणार नाही. ही औषधं किड्यांसाठीच बनवलेली असतात आणि कोळी त्यातून सुटत नाही. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

शेतकरी घरांत आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. गुरांना गोचिडाचं औषध लावल्यावर त्याच हातांनी कोळ्याचं भांडं भरू नका, साबणाने कोपरापर्यंत धुवा. कुत्र्याच्या पिसवांच्या औषधाचंही तसंच. फवारणीचा पंप, औषधांचे डबे आणि फवारणीचे कपडे ज्या खोलीत असतात तिथे कोळी ठेवू नका. आणि धान्याच्या कोठीत गोळ्या टाकल्या असतील तर त्या खोलीत कोळी नको आणि माणूसही झोपायला नको. त्या गोळ्यांचा वायू माणसालाही मारतो.

मुंग्या हा पावसाळ्यातला वेगळाच त्रास. कात टाकलेला मऊ कोळी त्यांना सापडला तर काही उरत नाही. दुधाचं पातेलं आपण परातीतल्या पाण्यात ठेवतो तोच उपाय: डबा विटेवर, वीट पाण्याच्या परातीत.

डब्यात पांढरे बारीक किडे फिरताहेत. तोंडाजवळही पांढरं दिसतंय.

दोन्ही गोष्टी वेगळ्या समजा. ओल्या मातीत, उरलेल्या किड्याच्या तुकड्यांवर दिसणारे ठिपक्याएवढे किडे बहुधा कुजलेलं खाणारे असतात. खरकटं काढा, माती कोरडी होऊ द्या, कमी होतात. पण ते कोळ्याच्या सांध्यांत किंवा श्वासाच्या फटींपाशी गर्दी करून बसले असतील तर नुसती सफाई पुरत नाही, माती पूर्ण बदलावी लागते.

तोंडापाशी पांढरा, ओलसर, खिरीसारखा थर आणि कुजकट वास असेल तर तो कृमींचा आजार असू शकतो. हा असाध्य आहे आणि इतर कोळ्यांना लागतो. तो डबा वेगळ्या खोलीत हलवा, चिमटा आणि भांडी वेगळी ठेवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो हे खरं, पण सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहून कृमी की किडे एवढं सांगायची विनंती करता येते. जाण्याआधी फोन करून विचारा. कातीवर आलेल्या कोळ्याला एसटीत घेऊन जाऊ नका, नमुना कापसाच्या काडीवर घेऊन डबीत न्या.

पाय तुटलाय. पोटाला चीर गेलीय.

पायाची फार चिंता नको. कोळी तुटलेल्या पायाची जागा स्वतः बंद करतो आणि पुढच्या एक-दोन कातींत नवा पाय येतो, आधी बारीक, मग नेहमीएवढा.

पोटाची चीर गंभीर. त्यातून फिकट, निळसर झाक असलेला द्रव झिरपताना दिसेल. चिरेवर कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरून दाबा. लहान असेल तर थेंब गोठून बंद होते. त्यानंतर डबा उंचीने लहान करा, म्हणजे तो पुन्हा पडणार नाही. कातीत ही जागा सगळ्यात कच्ची असते, हे मनाशी धरून ठेवा.

म्हातारा आहे की आजारी, कळत नाही.

नर आहे का पाहा. तोंडाशेजारच्या दोन लहान पायांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी जाड झाली असतील आणि बहुतेक जातींत पुढच्या पायांवर आकडे असतील, तर तो पूर्ण वाढलेला नर आहे. त्याची शेवटची कात होऊन गेलेली असते. पुन्हा कातीची वाट पाहू नका. पाणी, थोडं खाणं आणि शांतता द्या. माद्या मात्र काही जातींत वीस वर्षांहून अधिक जगतात, म्हणून सुकलेली मादी वाचवणं मला फार मोलाचं वाटतं.

पोरं हातावर घ्यायचा हट्ट करतात.

कातीच्या आधी आणि नंतर काही आठवडे मुळीच नाही. एरवीही मी नाहीच म्हणेन: हातातून पडलेला कोळी पोट फुटून मरतो. अमेरिकेतल्या बऱ्याच जाती पोटावरचे केस मागच्या पायांनी उडवतात. त्वचेला खाज सुटते, ती जागा चिकटपट्टीने टिपून धुवा. डोळ्यात गेले तर चोळू नका, पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा. ते केस बुबुळात रुततात आणि घरगुती उपायांनी निघत नाहीत. म्हणून डब्यात वाकून तोंड घालू नका.

हा पाळणं कायद्यात बसतं का?

जात ओळखून घ्या, मग उत्तर मिळेल. ब्रॅकीपेल्मा आणि भारत-श्रीलंकेतल्या पोसिलोथेरिया या दोन्ही प्रजाती सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. आपल्या रानातला, बिळातला किंवा झाडाच्या ढोलीतला कोळी पकडून पाळू नका. असा कोळी कुणी आणून दिला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.

कात अर्धी झालीय आणि थांबलीय.

आधी खरंच थांबलीय का ते पाहा. पिल्लाची कात अर्ध्या तासात होते, मोठ्याला काही तास लागतात, अशक्ताला त्याहून जास्त, आणि मध्ये तो निपचित पडतो. हालचाल पूर्ण थांबून बराच काळ गेला आणि जुनं साल वाळून कडक होऊ लागलं, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या बारीक ब्रशने फक्त अडकलेल्या सालावर थेंब थेंब ओल द्या. पोटाच्या खाली ब्रश न्यायचा नाही. ओढायचं तर अजिबात नाही. नवं अंग इतकं मऊ असतं की सालाबरोबर फाटतं. नुसता एखादा पाय अडकला आणि बाकी सुटलं, तर तसंच सोडा. कोळी तो पाय टाकून जगू शकतो.

कात नीट झाली. आता खायला केव्हा देऊ?

सुळे पाहून ठरवा. ताज्या कातीनंतर ते पांढरे असतात, मग तांबूस होतात, शेवटी काळे. काळे होईपर्यंत किडा आत सोडायचा नाही. पिल्लाला चार-पाच दिवस, मध्यम कोळ्याला आठवडाभर, मोठ्याला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून भरलेलं ठेवा, या काळात तो खूप पितो.

पडलेली कात त्याने स्वतः बाजूला सारली की लांब चिमट्याने काढून घ्या. ओली असतानाच उलगडली तर पोटाच्या आतल्या बाजूवरून नर की मादी तेही ओळखता येतं. पहिला घास लहान आणि मऊ द्या, रेशमाची अळी उत्तम. नाकारला तर काढून घ्या आणि चार दिवसांनी पुन्हा ठेवा.